नापास गृहीतक

आमच्या कॉलेजात आजवर एकही गृहीतक नापास झालेलं नव्हतं. विद्यार्थी दरवर्षी होतात. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एका लोखंडी कपाटात मागच्या सगळ्या बॅचचे लघुशोधप्रबंध रचून ठेवलेले आहेत, काळ्या आणि मरून बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरं. त्यातला कुठलाही काढा, शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडेल: 'वरील विवेचनावरून सदर गृहीतक सिद्ध होते.' गृहीतक म्हणजे अभ्यासाला निघण्याआधी धरलेला अंदाज. तो खरा की खोटा हे बघायला अभ्यास करायचा, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मग इतक्या लोकांचा अंदाज इतकी वर्षं दरवेळी खराच कसा निघतो, हा प्रश्न मला एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला पडला, आणि मी तो वर्गात तोंडानं विचारला. तिथंच माझं चुकलं, असं माझ्या मैत्रिणी अजून म्हणतात. मी म्हणत नाही.

मी तेव्हा मुकुंदवाडीत दादाकडे राहत होते. आमचं गाव सोयगाव तालुक्यात. वडील अजून तिथंच असतात, शेती सोडून एक रात्र शहरात काढायची म्हटली तर त्यांना झोप लागत नाही. दादा टेम्पो चालवतो. आई नातीला सांभाळायला म्हणून शहरात आली आणि राहिली. आणि वहिनी वाळूजला एका कंपनीत जायची, गाड्यांमध्ये बसवतात त्या वायरींच्या जुड्या बांधायला. पहाटे उठून स्वयंपाक, मग कंपनीची बस, आणि दुपार कलली की परत. असं चार वर्षं सुरळीत चाललं होतं. मग कंपनीनं बायकांनाही आलटून पालटून दुसऱ्या शिफ्टला टाकलं. म्हणजे एक आठवडा सकाळी जायचं आणि एक आठवडा दुपारी. दुपारी गेलेली वहिनी परत येईपर्यंत गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असायची.

दादाला थांब्यावर जाऊन उभं राहावं लागायचं. त्याला त्या उभं राहण्याचं काही नव्हतं, पण शेजारचे 'काय, ड्युटीवर का?' असं विचारायचे ते त्याला फार झोंबायचं. महिनाभरात त्यानं ठरवलं की वहिनीनं काम सोडावं. आईनं मान हलवली. वहिनी काहीच बोलली नाही, आणि आमच्या घरात न बोलणं म्हणजे होकार धरतात. पण पगार तर पाहिजे होता, त्यामुळे दादाचंही मन धजेना. मग त्यानं तोड काढली. जेवताना मला म्हणाला, "तू समाजकार्याचं शिकायलीस ना. तुझा विषयच हा आहे. तुझं पुस्तक होऊ दे, त्यात काय निघतं बघू, मग ठरवू."

माझा विषय खरंच तो होता, पण मी निवडलेला नव्हता. आमच्याकडे विषय वाटतात. मार्गदर्शक सर यादी घेऊन बसतात आणि तोंड बघून विषय देतात: गावाकडच्या पोरांना व्यसन, मुलींना बचत गट, ज्याचा कुणी ओळखीचा दवाखान्यात आहे त्याला रुग्ण. मी मुकुंदवाडीची, तिथून वाळूजच्या बसेस सुटतात, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी मला सांगितलं, "पाळीने काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांच्या कौटुंबिक समस्या. लिही." मी लिहिलं. मग त्याच दमात त्यांनी गृहीतकही सांगितलं: पाळीच्या कामामुळे विवाहित स्त्रियांचे कौटुंबिक जीवन विस्कळीत होते व त्यांना काम सोडण्याची इच्छा असते. मी तेही लिहिलं. आधी कळस मग पाया, ही आमच्या कॉलेजची रीत आहे.

सर वाईट माणूस नव्हेत. स्वतः खेड्यातून आलेले, घरातले पहिले शिकलेले, आणि पोरं पास झाली पाहिजेत एवढी एकच तळमळ असलेले. पण एखादी गोष्ट त्यांनी एकदा सांगितली की ती सिद्धच झालेली असायची.

मी मुलाखतीचे प्रश्न तयार केले आणि पूर्वचाचणी म्हणून, म्हणजे प्रश्न नीट कळतात का हे बघायला, आधी वहिनीला विचारायचं ठरवलं. घरचं माणूस खऱ्या अभ्यासात धरत नाहीत, पण चाचणीला चालतं. वहिनी सुट्टीच्या दिवशी शेंगा फोडत बसली होती, मी समोर बसले, आई बाजूला, दादा दारात. मी विचारलं, "कामामुळे घराकडं दुर्लक्ष होतं असं वाटतं का?" वहिनीनं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "होतंय की. पोरगी निस्ती आजीवर पडलीय." मी पुढचं विचारलं. थकवा येतो का? दादा म्हणाला, "लई येतो. पाय दुखतात तिचे." काम सोडावंसं वाटतं का? आई म्हणाली, "वाटतं, पण बोलत नाय बिचारी." वहिनीनं दरवेळी मान डोलावली. मी सगळं लिहून घेतलं आणि प्रश्न छान जमलेत म्हणून मनात खूश झाले.

मग मी खऱ्या मुलाखतींना लागले. मुकुंदवाडीतल्या, राजनगरातल्या, स्टेशनच्या पलीकडच्या घरांतून हिंडले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तसंच झालं. कॉलेजची मुलगी कागद घेऊन आली म्हटल्यावर आख्खं घर गोळा व्हायचं. सतरंजी पडायची, चहा यायचा, सासू पुढे बसायची, नवरा टीव्हीचा आवाज कमी करायचा, आणि मग जिला विचारायचं ती सोडून बाकी सगळे उत्तरं द्यायचे. सून ओट्याशी उभी राहून कपबशा विसळायची. मी विचारलं तर ती सासूकडे बघून म्हणायची, "आत्यांनी सांगितलं तेच." एका घरात तर सासऱ्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि चष्मा लावून स्वतःच खुणा करून दिल्या. सगळ्यांची उत्तरं सारखी: घर विस्कटतं, पोरांचे हाल होतात, सून थकते, काम सोडलेलं बरं. पंधरा दिवसांत गठ्ठा तयार झाला. सरांना दाखवला. ते म्हणाले, "बघ, सिद्ध होतंय का नाही? आता पटकन तक्ते कर."

मी तक्ते करणारच होते. त्या आठवड्यात वहिनी पहिल्या शिफ्टला होती आणि सकाळी डबा विसरून गेली. मी धावत थांब्यावर गेले. बस आलेली नव्हती. सात-आठ बायका ओढण्या डोक्याला गुंडाळून उभ्या होत्या आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. त्यांच्यात वहिनी सगळ्यात मोठ्यानं हसत होती. तिचा असा आवाज मी इतक्या वर्षांत घरात ऐकला नव्हता, त्यामुळे आधी मला ती ओळखूच आली नाही.

डबा घेताना ती म्हणाली, "ताई, त्या दिशी आत्याबाई पास झाल्या. ह्येही पास झाले. माझा पेपर कधी घेता?"

बाकीच्या बायका हसल्या. मी म्हणाले, "वहिनी, तुम्ही मान हलवत होता ना?"

"व्हय. मान काय, पंख्याखाली बसलं तरी हलती."

बस आली आणि त्या चढून गेल्या. मी तिथंच उभी राहिले. मला राग आला होता, आणि तो सगळ्यात आधी वहिनीचाच आला, की हे तेव्हाच का सांगितलं नाही. घरी येईपर्यंत तो उतरला आणि भलतीकडे वळला. पंधरा दिवस मी ज्या बायकांविषयी लिहीत होते त्यांच्यापैकी एकीशीही बोलले नव्हते. आणि याला मुलाखत म्हणतात, याला क्षेत्रकार्य म्हणतात, आणि याच गठ्ठ्यावर कपाटातलं ते वाक्य पुन्हा एकदा छापलं जाणार होतं. मी तो गठ्ठा उचलला आणि माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मी थांब्यावर जायला लागले. सुरुवातीला कुणी दाद देईना. एकीनं विचारलं, "कंपनीनं पाठवलं का तुला?" दुसरीनं विचारलं, "का हिच्या नवऱ्यानं?" वहिनीनं माझी ओळख करून दिली, पण ती नणंद म्हणून दिली, त्यामुळे संशय वाढलाच. चार दिवस मी निव्वळ उभी राहिले, त्यांच्या गप्पा ऐकल्या, एकीची शिवायला टाकलेली ब्लाउजं आणून दिली. मग हळूहळू एकेक जण बोलायला लागली. बस यायला उशीर झाला तर थांब्यावरच, नाहीतर सुट्टीच्या दिवशी रविवारच्या बाजारात भाजी घेता घेता, नाहीतर रेल्वे स्टेशनच्या बाकावर, जिथं सासू यायची शक्यता नव्हती. मी कागद पिशवीतच ठेवायचे आणि नंतर घरी येऊन लिहायचे. पन्नास जणी करायला मला सगळा हिवाळा लागला.

काय बोलल्या त्या? सगळ्या सारखं बोलल्या नाहीत, हेच मला आधी जाणवलं. दोघी-तिघींनी स्वच्छ सांगितलं की आम्हाला सोडायचं आहे, कंबर गेली, तिथल्या सुपरवायझरचं तोंड घाण आहे. मी ते जसंच्या तसं लिहिलं. एक म्हणाली की तिला रात्रीच्या रस्त्याची भीती वाटते, नवऱ्याला सांगितलं तर तो काम बंद करील म्हणून सांगत नाही. पण बहुतेक जणींना काम सोडायचं नव्हतं. आठ तास तिथं उभं राहून थकवा येतोच, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की घरी आल्यावर पिठाचा डबा तसाच वाट बघत असतो, त्याचं काय करायचं ते सांग. एक थोराड बांध्याची बाई मला म्हणाली, "बसमधी खिडकीपाशी बसते न मी, तेवढा येळ मला कुणी हाक मारत नाय. तेवढ्यासाठी तर दुसरी शिफ्टबी करीन." मी विचारलं, तुमच्या घरी मी पूर्वी आले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या तुम्हाला सोडायचंय. ती म्हणाली, "मग त्यांनाच जाऊ दे की सोडून."

हे सगळं घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा त्यांच्या खोलीत पंखा बंद होता आणि ते कुठल्याशा समितीची कागदपत्रं चाळत होते. त्यांनी माझे नवे तक्ते पाहिले. मग जुना गठ्ठा मागितला. मी सांगितलं की तो मी वापरणार नाही.

"का?"

"सर, ती उत्तरं त्या बायकांची नाहीत."

"त्यांच्या घरात, त्यांच्या समोर घेतलेली आहेत ना? मग त्यांचीच आहेत. आणि हे थांब्यावरचं काय, उभ्या उभ्या गप्पा. याला शास्त्रीय म्हणतात का?" त्यांनी पुढचं पान उलटलं आणि थांबले. "म्हणजे गृहीतक सिद्ध होत नाही?"

"नाही सर."

"असं चालत नाही." ते रागावले नव्हते, समजावत होते, आणि ते मला जास्त जड गेलं. "बाहेरून परीक्षक येतात. गृहीतक चुकलं म्हणजे ते काय म्हणतील? मार्गदर्शकाला साधं गृहीतक मांडता येत नाही. तुझं नाव कुणी लक्षात ठेवणार नाही, माझं ठेवतील. हे बघ, दोन वाटा आहेत. एक तर जुना गठ्ठा वापर. नाहीतर गृहीतकच उलटं करून लिही, की त्यांना काम सोडायचं नसतं, मग तेही सिद्ध होईल. कुणाला कळतंय?"

दुसरी वाट खरोखर सोपी होती. पहिल्या प्रकरणातलं एक वाक्य बदललं की झालं, आणि निघालेलं खरंही तसंच राहिलं असतं. मैत्रिणी म्हणाल्या, घे की, काय बिघडतंय? मला ते का जमेना हे मी त्यांना नीट सांगू शकले नाही. आता सांगते. आम्ही सगळे, सर, दादा, आई आणि मी, त्या बायकांना न विचारता एक गोष्ट धरून चाललो होतो आणि ती खोटी निघाली. मला ते खोटं निघणंच लिहायचं होतं. ते पुसून टाकलं असतं तर जणू आम्हाला पहिल्यापासून सगळं ठाऊकच होतं.

मी सरांना सांगितलं, "गृहीतक राहू द्या. ते नापास होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वाटलं आता प्रमाणपत्राच्या पानावर सही मिळणार नाही. तीन आठवडे मिळालीही नाही. मी रोज जायचे, ते रोज 'उद्या ये' म्हणायचे. शेवटी जमा करायची तारीख तोंडावर आली, आणि विद्यार्थिनीचा प्रबंध का आला नाही याचं उत्तर विभागप्रमुखांना द्यावं लागलं असतं म्हणून त्यांनी सही केली. पेन खाली ठेवताना म्हणाले, "पुढं काय होईल ती जबाबदारी तुझी." मी म्हणाले, "हो, माझीच."

इकडे घरी दादा दर दोन दिवसांनी विचारायचा, "झालं का पुस्तक?" वहिनीच्या शिफ्टचा विषय त्याच्यावरच अडकला होता. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा आला की घरात भांड्यांचा आवाज वाढायचा. आई म्हणायची, "हिचा निकाल लागू दे, मग सुनेचा लागंल." वहिनी मला काहीच विचारायची नाही. एकदा फक्त भाकरी करताना म्हणाली, "ताई, तुम्ही लिहायलात ते कुणी वाचतं का?" मी म्हणाले, परीक्षक वाचतात. ती म्हणाली, "बरं." आणि तिनं भाकरी उलटली.

टायपिंगला मी कॉलेजच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्या चाचांकडे टाकलं. ते गेली कित्येक वर्षं आमच्या कॉलेजचे प्रबंध टाइप करतात. त्यांच्या संगणकात आभाराचं पान तयार असतं, प्रस्तावना तयार असते, फक्त नावं बदलायची. मी त्यांना माझं हस्तलिखित दिलं, तपासायला एकदा जाऊन आले, आणि शेवटची दोन प्रकरणं राहिली होती ती त्यांनी रात्रीतून करून थेट बांधणीला पाठवली. दुसऱ्या दिवशी चार प्रती हातात आल्या. मरून बांधणी, सोनेरी अक्षरं. मी तिथंच दुकानात उभ्या उभ्या शेवटून दुसरं प्रकरण उघडलं. तिथं छापलं होतं: 'वरील विवेचनावरून सदर गृहीतक सिद्ध होते.' खाली माझा अख्खा परिच्छेद गायब, आणि त्याच्या जागी दुसराच, गुळगुळीत, मी कधी न लिहिलेला.

मी विचारलं, "चाचा, हे काय?"

ते हसून म्हणाले, "ताई, तुमच्याकडून मिश्टेक झाली होती. सिद्ध होत नाही, असं लिहिलं होतं तुम्ही. मी बराबर करून टाकलं. अपने पास पॅरा रेडी रहता ना."

"सरांनी सांगितलं का तुम्हाला?"

"नाय नाय, सर कायको बोलेंगे? असं कुणी लिहितच नाय ना ताई. फेल हो जाते तुम. टेन्शन मत लो, पैसे जादा नाय घेणार."

त्या माणसानं माझ्यावर उपकारच केला होता, त्याच्या दृष्टीनं. मला हसावं का रडावं कळेना, आणि मग मला हसू आलं. दुपारी जमा करायची वेळ संपत होती, बांधणी उसवून पुन्हा करायला वेळ नव्हता. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, काउंटरवर चारही प्रती उघड्या मांडल्या, तो गुळगुळीत परिच्छेद पट्टी लावून आडव्या रेघांनी खोडला आणि समासात, वर, खाली, जिथं जागा मिळेल तिथं निळ्या शाईनं माझा परिच्छेद लिहून काढला. सुरुवात केली, 'सदर गृहीतक सिद्ध होत नाही' इथून. प्रत्येकाखाली सही केली. चाचा नुसते बघत राहिले. शेवटी म्हणाले, "इतनी अच्छी बांधणी होती." मला त्याचं खरंच वाईट वाटलं, पण मी प्रती उचलून धावत सुटले.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या एक मॅडम आल्या होत्या. बारीक चणीच्या, शांत, चष्मा दोरीला बांधलेला. शेजारी सर. मॅडमनी पानं उलटली आणि त्या निळ्या शाईच्या पानावर थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"मी केलं मॅडम." आणि मी चाचांची गोष्ट सांगितली. सर छताकडे पाहत होते.

त्यांनी विचारलं, "घरी विचारल्यावर एक उत्तर आलं, थांब्यावर दुसरं. तुम्ही दुसरं खरं धरलंत. कशावरून?"

"पहिलंही खरंच आहे मॅडम. ते त्या घरांचं मत आहे. पण माझा प्रश्न घराला नव्हता."

त्यांनी एक पान उलटलं. मग म्हणाल्या, "थांब्यावर कामाला जाणाऱ्याच बायका भेटणार. ज्यांनी कंटाळून काम सोडलं त्या तिथं कशाला येतील? त्यांना कुठं शोधलंत?"

त्यांना मी शोधलंच नव्हतं. हे मला सुचलंसुद्धा नव्हतं, आणि ते तिथं त्या खुर्चीत बसून लख्ख कळलं. मी म्हणाले, "नाही शोधलं."

"मग तुमचं गृहीतक पडलं, हे तरी पक्कं म्हणता येईल का?"

"पूर्ण नाही म्हणता येणार मॅडम. पण सिद्ध झालं, असं तर कुणालाच म्हणता येणार नाही."

सर खाकरले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, "ठीक आहे, या," म्हणाल्या, आणि मी बाहेर आले. कौतुक झालं नाही, तासलं मात्र नीट गेलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी खरा प्रश्न विचारला होता. निकाल लागला तेव्हा मला सेकंड क्लास मिळाला होता. माझ्या जुन्या गठ्ठ्यासारखे गठ्ठे वापरणाऱ्यांना, चाचांचे परिच्छेद जसेच्या तसे ठेवणाऱ्यांना फर्स्ट मिळाला. पुढे नोकरीच्या मुलाखतींत मला दरवेळी विचारतात, सेकंड का? मी सांगते. काही ठिकाणी त्यानंतर बोलावणं येत नाही. न येऊ दे.

निकालाच्या आदल्या आठवड्यात, परीक्षा आटोपल्यावरच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही सगळे घरी होतो. आई मेथी निवडत होती, वहिनी तिच्याजवळ बसून निवडलेली धुवायला घेत होती. दादा नुकताच भाडं सोडून आला होता. त्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "झालं ना आता तुझं पुस्तक? सांग. काय निघालं त्यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीचा हात मेथीत थांबला. माझ्याजवळ उत्तर होतं. पन्नास जणींचं होतं, तक्त्यांसकट. मी ते वाचून दाखवलं असतं तर दादानं मानलं असतं, शिकलेली बहीण सांगतेय म्हणून. क्षणभर मला तेच करावंसं वाटलं. पण मग तेही मीच सांगितल्यासारखं झालं असतं.

मी म्हणाले, "दादा, मला कामून विचारतोस? वहिनी समोर बसल्यात."

आई म्हणाली, "तिला काय विचारायचं? ती म्हणते..."

"आई, तू नको. प्रश्न तुला नाय."

आईचा चेहरा उतरला. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "आम्हाला कुणी विचारलं होतं का कधी?" एवढंच म्हणाली, आणि ते मला लागलं, कारण ते खरं होतं आणि मीही तिला कधी विचारलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

दादा चावी बोटावर फिरवत राहिला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण बायकोला चारचौघांत सरळ प्रश्न विचारायची त्याला सवय नव्हती. शेवटी चावीकडेच बघत म्हणाला, "मग? सोडायची का नोकरी?"

"नाय," वहिनी म्हणाली.

तिनं ते हळूच म्हटलं. मग हात पदराला पुसले आणि पुन्हा म्हटलं, या वेळी थांब्यावरच्या आवाजात. "नाय सोडायची. दुसरी शिफ्ट असली की संध्याकाळच्या भाकरी तुम्ही बघा. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना चुलीपाशी उभं करू नका. आणि थांब्यावर यायची लाज वाटत आसंल तर येऊ नका, आम्ही चौघी मिळून येऊ."

दादानं चावी मुठीत धरली. तो माझ्याकडे वळला आणि रागानं म्हणाला, "हे तू शिकवलंस का हिला?"

मी तोंड उघडलं होतं, पण वहिनी माझ्या आधी बोलली.

"त्यांना कामून विचारायलात? बोलले मी. मला विचारा."